लुना कुणीच मागत नव्हतं

मालनबाईकडं लुना होती तोवर तिच्या घरातल्या एकाही गड्याला गाडीची गरज पडली नाय. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढं जे झालं त्यात सगळ्यांनी असा आव आणला की गाडी म्हणजे घरादाराची असते, एकट्या बाईची नसते. मग दहा वर्सं हे घरदार कुठं शेण खात होतं?

नाशकाजवळ मखमलाबादच्या पुढं, मातोरीच्या रस्त्याला यांचा दीड एकराचा मळा. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेनं निशिगंध. नवरा लहानू कामाला वाघ, पण त्याला फिट यायची. एकदा सायकलवरनं पाटात पडला, तोंडाला फेस. नशीब, पाटाला पाणी सुटलेलं नव्हतं. डॉक्टरनं बजावलं, चाकावर बसून हाकायचं नाय आणि विहिरीच्या काठाला जायचं नाय. मग फुलं बाजारात न्यायची कुणी? धाकटा दीर भिकन चांगला धडधाकट होता. पण पहाटे चारला उठणं त्याच्या जिवावर यायचं आणि फुलाच्या गाठोड्याची त्याला लाज वाटायची. गडी माणूस बाजारात फुलं घेऊन बसला तर सोयरे काय म्हणतील, असं तो म्हणायचा. सोयरे काय म्हणतील याची काळजी असलेला माणूस भाकरी मात्र त्याच फुलांची खायचा.

तेव्हा एकोणनव्वद साली मालनबाईनं एका मास्तरांची जुनी लुना घेतली. मळ्याच्या पायवाटेवर चार वेळा पडली, पाचव्या दिवशी फुलबाजारात गेली. नऊवारी लुगडं, मागं घट्ट कासोटा, पुढं पायाशी एक गाठोडं, मागं एक. नदी ओलांडून रविवार कारंज्याकडं चढ लागला की ओझ्यानं लुना दमायची. मग ही बाई इंजन चालू ठेवून वरनं पायडल मारायची. लोक थांबून बघायचे. भिकन पारावर बसून म्हणायचा, "आमच्या वयनीनं शेळीला चाकं लावल्यात." सगळे हसायचे. मालनबाई पण हसायची, कारण शेळी असली तरी तिच्या दावणीला होती. चावी तिच्या चंचीत, पेट्रोल तिचं, वेळ तिची. त्या शेळीवर एक मुलगी उजवली, विहिरीचं बांधकाम झालं आणि लहानूच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत.

नव्याण्णव साली झेंडू वाढवला आणि लुनाला दोन खेपा कराव्या लागायला लागल्या. दुसऱ्या खेपेला बाजार उतरलेला असायचा. फुलाचं गणित कांद्यासारखं नाय, की आज नाय तर उद्या. नऊनंतर फूल म्हणजे पाला. मालनबाईनं मनाशी ठरवलं, जरा मोठी गाडी घ्यायची, गिअरची, एका खेपेत फुलांचा सगळा तोडा नेणारी.

ती गुपचूप तयारीला लागली. दत्तू दूधवाल्याची खटारा मोटरसायकल होती. दूध घालून झालं की पडीक रानात तो तिला शिकवायचा आणि बदल्यात त्याच्या देवाला रोज हार जायचा. दत्तू सांगतो, क्लच तिला दोन दिवसांत समजला, पण ब्रेक मारताना पाय कुठला आणि हात कुठला यावर ती आठ दिवस स्वतःलाच शिव्या घालत होती. लायसनला गेली तेव्हा रांगेतली पोरं खुसखुसली. आठाचा आकडा काढताना तिनं कुठं पाय टेकला नाय. साहेबानं लुगड्याकडं एकदा बघितलं, कागदाकडं बघितलं, "पास" म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली. तिच्या आयुष्यात इतकं सरळ तिच्याशी दुसरं कुणी वागलं नसंल.

घटस्थापनेच्या दिवशी नवरा-बायको गाडी घ्यायला निघाले तर भिकन नवा शर्ट घालून आधीच उभा. म्हणे, गाडीतलं तुम्हाला काय कळतं, मी येतो. लहानू म्हणाला येऊ दे. तिथंच चुकलं.

शोरूममधल्या पोरानं भिकनला खुर्ची दिली, लहानूला पाणी दिलं आणि मालनबाईला बिनगिअरची गुलाबी गाडी दाखवली. "मावशी, ही घ्या. खास लेडीज. हलकी." मालनबाईनं विचारलं, हिच्यावर सत्तर किलो फूल जाईल का. पोरगं म्हणालं, फूल कशाला, भाजीची पिशवी पुढं अडकवता येते. तिकडं भिकन एका लाल गाडीवर जाऊन बसला होता. उंच, फुगीर टाकी, मागची शीट वर उचललेली. तो सांगत होता, हिचं पिकअप बघा.

मालनबाईनं चपला काढल्या आणि एकेक गाडी बघत गेली. कासोटा असल्यामुळं सरळ टांग टाकून बसायची. दोन्ही टाचा फरशीला टेकतात का ते बघायची. उतरून मागच्या शॉकॲबवर सगळा भार टाकून दाबायची. बघायला शोरूममधली गिऱ्हाइकं गोळा झाली. तिला पटली ती काळी, शंभर सीसीची, साधी. टाचा टेकत होत्या, मागचा सांगाडा जाड होता. "दोन मानसं बसत्यात ना मागं-पुढं? मग मागच्या मानसाचं वजन म्हंजी माजी फुलं," ती म्हणाली. साडी अडकू नये म्हणून बाजूला जाळी लावतात ती तिनं तिथंच काढायला लावली, गाठोड्याची दोरी कुठं बांधू म्हणून.

पैसे तिनं मोजले, लुना तिनं बदल्यात दिली. कागद मात्र लहानूच्या नावानं झाले, कारण सातबारा त्याचा, रेशनकार्ड त्याचं, आणि जिला गाडी चालवायची तिच्या नावावर चुलीशिवाय काही नाय. चाव्या दोन मिळाल्या. एक तिनं चंचीत घातली. दुसरी भिकननं उचलली, म्हणे हरवली बिरवली तर असावी.

आणि त्या दिवसापासनं गावातल्या कामांना ऊत आला. दहा वर्सं पायी केस कापायला जाणाऱ्या भिकनला आता केस कापायला नाशकात जावं लागायला लागलं. चुलत दिराला पोरगी बघायला दिंडोरीला जायचं होतं, तिकडं पायी गेलेलं शोभत नाय. जावयाला, सोयऱ्याला, सोयऱ्याच्या मित्राला. ती बाजारातनं येऊन तोंड धुते ना धुते तोच गाडी गायब. पहाटे किक मारावी तर टाकी रिकामी. एका पहाटे तिनं मखमलाबादपर्यंत गाडी ढकलत नेली, गाठोड्यांसकट. भिकनला विचारलं तर म्हणाला, "गडी मानसाची गाडी हाय वयनी, जरा हिंडनारच."

गडी माणसाची. म्हणजे चढ चढवायचा बाईनं आणि उतारावर बसायचं गड्यानं. हे मी माझ्या मनचं जोडत नाय, त्या घरातलं सगळं असंच चालायचं, आणि त्या एकाच घरात चालायचं असंही नाय.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच नवमी लागली. सासू कुसाबाईनं विळे, खुरपी, कुदळ, पंप सगळं धुऊन ओट्यावर मांडलं. भिकननं गाडी पण आणून उभी केली. हळदकुंकू, हार, नारळ. मालनबाई म्हणाली, पूजा करा, पण पहाटे मला गाडी लागंल. दसऱ्याचा झेंडू उद्याच विकला जातो, सगळं वर्स त्याच्यावर हाय. भिकन म्हणाला, पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नसतात. कुसाबाई म्हणाली, घराला लागंल, लहानूची फिट वाढंल. एवढं ऐकल्यावर मालनबाईनं नवऱ्याकडं बघितलं. लहानूनं तंबाखू मळली, झटकली, तोंडात टाकली. तिनं चावी देवाच्या फळीवर ठेवली.

पहाटे गाठोडी डोक्यावर घेऊन ती आणि लहानू रस्त्याला आले. एस.टी.वाल्यानं ओझं घेतलं नाय. जीप खच्चून भरलेल्या. शेवटी एक ट्रॅक्टर मिळाला तो साडेनऊला पंचवटीत पोचला. तोवर फुलबाजारात बाहेरगावचे टेम्पो उतरले होते आणि झेंडू पायाखाली तुडवला जात होता. अडत्यानं गाठोडं उघडूनसुद्धा बघितलं नाय. लहानूला तिनं घरी धाडलं आणि नदीच्या पुलाच्या तोंडाला पोतं अंथरून ढीग मांडून बसली. वर्साचा सोन्यासारखा माल, लोक थांबून भाव पाडून मागत होते.

दुपारी गर्दीतनं हॉर्न वाजवत काळी गाडी आली. पुढं भिकन, मागं त्याचा मेव्हणा, त्याच्या मागं आणखी एक. हँडलला झेंडूचा हार. तिच्याच मळ्यातला, सकाळी तोडताना राहिलेल्या सरीतला. मालनबाई उठली आणि गाडीच्या पुढ्यात उभी राहिली.

"पूजेची गाडी हाय ना ही?"

भिकन हसला. "ओझं व्हायचं नसतं वयनी. कालिकेच्या दर्शनाला चालती."

तिनं शिवी दिली नाय. मी तिच्या जागी असतो तर दिली असती. तिनं हात घालून चावी फिरवली आणि काढून घेतली. मागं रिक्षांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले. मेव्हणा आधी उतरला, मग तिसरा. भिकन बसूनच राहिला.

"उतर," ती म्हणाली. "दर्शनाला चालत गेल्यानं पुन्य लागतं."

रिक्षावाले हसले. भिकनचं तोंड झेंडूपेक्षा लाल झालं, पण उतरला. जाताना म्हणाला, गाडी भावाच्या नावावर हाय, ध्यानात ठेव. तेच तिच्या काळजात बसलं. हिसकलेली चावी पुन्हा हिसकली जाईल, हे तिला कळत होतं. आज पुलावर चार माणसं होती. घरी तिच्या बाजूनं कोण होतं?

उरलेलं फूल तिनं शीटवर बांधलं, पंचवटीत दारोदार विकलं आणि तशीच पेठ नाक्यावर जीवन वेल्डरकडं गेली. मागची शीट कापून टाक म्हणाली, आणि पार मागपर्यंत लोखंडी कॅरेज जोडून दे, दोन्ही बाजूला आकड्यांसकट. जीवननं डोक्याला हात लावला. "काकू, नवी गाडी हाय. वॉरंटी जाईल. इकायला गेली तर कुनी घेनार नाय."

"कुनी घेऊ नये म्हनूनच सांगते."

पण त्याचं मशीन पूजेला होतं. आज ठिणगी पाडणार नाय, म्हणाला. मालनबाईनं बघितलं. खरंच मशीनला हार, केबल गुंडाळलेली, जीवन पांढऱ्या लेंग्यात. याचा नेम तरी खरा होता. गाडी तिनं त्याच्या दुकानात कुलपात ठेवली आणि चालत घरी आली. रात्रभर भिकन ओरडत होता, ती पाठ करून झोपली.

दसऱ्याच्या सकाळी जीवननं नारळ फोडला आणि पहिलं काम हेच घेतलं. रुबाबदार शीट आडवी कापली. एका माणसापुरता तुकडा पुढं ठेवला. मागं अँगलचं चौकोनी कॅरेज, रंगसुद्धा दिला नाय. गाडी आता दूधवाल्याच्या गाडीहूनसुद्धा कुरूप दिसत होती. मालनबाई कॅरेजवर चढून उभी राहिली, नाचून बघितलं. हललं नाय. दसऱ्याची सोन्याची पानं तिनं पहिल्यांदा जीवनला दिली.

गाडी दारात आली तेव्हा सोनं वाटायला आलेली चार माणसं बसली होती. भिकन उठून गाडीभोवती फिरला. कापलेल्या शीटवर हात ठेवला, जसा कुणी मेलेल्या बैलावर ठेवतो. मग त्याचा आवाज फुटला. नव्या गाडीची वाट लावली, घराची इज्जत घालवली, हिच्यावर आता कोण बसंल, पोरगी बघायला हे घेऊन जायचं का. कुसाबाईनं कपाळ बडवलं. चुलत दीर म्हणाला, बाईच्या हातात दिलं की असंच होतं. मालनबाईनं दुसरी चावी मागितली. भिकननं ती अंगणात फेकली. कचऱ्यातनं उचलून तिनं पुसली. "आता न्या कुनाला न्यायची ती," ती म्हणाली. "चावी दारातच टांगून ठेवते."

टांगून ठेवली पण. कुणी हात लावला नाय. केस कापायची, पोरी बघायची, सोयऱ्यांना सोडायची सगळी कामं आपोआप बंद पडली. पुढच्या वर्सी भिकननं कर्ज काढून लाल गाडी घेतली, ती पिकअपवाली. वहिनीशी तो पाच वर्सं बोलला नाय, आणि मालनबाईला त्याचं काही वाटलं असंल असं मला वाटत नाय. गावानं तिला भांडकुदळ ठरवलं. फुलं मात्र एकाच खेपेत सहाच्या आत बाजारात जायला लागली.

एकच अडचण झाली. लहानूला महिन्याला सिव्हिल हॉस्पिटलात न्यायचं असायचं, गोळ्यांसाठी. पूर्वी लुनावर मागं बसायचा. आता शीट कुठं होती? पहिल्या महिन्याला तो दारात उभा राहिला आणि कॅरेजकडं बघत हळूच म्हणाला, एस.टी.नं जातो. मालनबाईनं पोतं चौघडी करून लोखंडावर टाकलं, त्याला बसवलं, आणि फुलाच्या गाठोड्याची दोरी काढून त्याच्या कमरेवरनं आकड्याला बांधली, कारण वाटेत फिट आली तर माणूस पडायला नको. पारावरचे सगळे बघत होते. गाडी पाटाच्या खड्ड्यातनं उसळली तसं लहानूनं मागनं सांगितलं, लोखंड लय टोचतंय, जरा हळू घे.

मालनबाईनं गिअर बदलला.

"पूजेच्या त्या सांच्याला तोंड उघडायचं व्हतं, तवा तंबाखू मळीत बसलात," ती म्हणाली. "आता टोचंल तेवढं टोचू द्या. गुमान बसा."