सुट्या तुकड्यांच्या चिंध्या

मी रिटायर झाले तेव्हा थोरल्या मालकांनी भाषणात मला ‘आमच्या स्टोअरचा मेंदू’ म्हटलं. ते वाक्य मी सुनेला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दूधवाल्यालाही सोडलं नाही. मेंदूच घरी निघून आला तर फौंड्री कशानं चालायची, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

आमची फौंड्री बेळगावच्या उद्यमबागेत. माझ्या ताब्यात लाकडी पॅटर्न असत. पॅटर्न वाळूत दाबून साचा काढायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. एकच पॅटर्न दोन-तीन गिऱ्हाइकांना चालायचा. गिऱ्हाईक बदललं की त्याला एखादा सुटा तुकडा जोडायचा, एवढंच. कुठला तुकडा कुणाचा हे कळावं म्हणून मी तुकड्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधत असे. हिरवी, जांभळी, एक गाठ, दोन गाठी. त्यांचा अर्थ मी कुणालाही सांगितला नाही. सांगितला की आपली गरज संपली, असं त्या वयात वाटायचं. माझ्यातली ती तेव्हाची बाई आज भेटली तर तिला चहा पाजीन आणि म्हणेन, बये, तुला काढून टाकायला वेळ कुणाला होता?

माझ्या जागी एक मुलगी आली. पिरनवाडीत खोली घेऊन राहणारी, अजून कायम न झालेली. धाकटे मालक तेव्हा नॉलेज मॅनेजमेंटचा कोर्स करून आले होते. त्यांनी प्रत्येक पॅटर्नचा फोटो आणि रॅकचा नंबर कॉम्प्युटरवर चढवला. सुटे तुकडे राहून गेले. तेवढ्यात खंडेनवमी आली. यंत्रांच्या पूजेसाठी कामगारांनी स्टोअर झाडलं, रॅक धुतले. देवाच्या दिवशी कळकट चिंध्या नकोत म्हणून सगळ्या सोडून फेकल्या. तुकडे पुसले, हळदकुंकू लावून एका पेटीत ठेवले, वर झेंडूची माळ घातली. इतक्या श्रद्धेनं पुसलेली माहिती मी दुसरीकडं पाहिली नाही.

दसरा झाला आणि निपाणीच्या जुन्या गिऱ्हाइकाची पंपाच्या बॉडीची ऑर्डर आली. त्यांचा तुकडा कुठला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगी माझ्या दारात उभी राहिली.

“आज्जी, माल वेळेत गेला न्हाय तर मला कायम करणार न्हाईत.”

तिची काळजी वाटलीच, पण त्याच्या आधी आनंद झाला, हे लपवत नाही. इस्त्रीचं पातळ नेसून मी तिच्याबरोबर रिक्षात बसले.

पेटी उघडली. तुकडे माझ्याकडं बघत होते, मी तुकड्यांकडं. काही म्हणता काही आठवेना. सगळं माझ्या डोक्यात आहे असं मी जन्मभर समजत आले. ते होतं चिंध्यांत, आणि चिंध्या गेल्या कचऱ्याच्या गाडीत. चष्मा पुसण्यात मी जरा वेळ काढला. शेवटी सांगितलं तिला, मला आठवत नाही.

ती एकेक तुकडा पंपाच्या पॅटर्नला लावून बघू लागली. दोन तुकडे चपखल बसले. त्या दोघांतला निपाणीचा कुठला? चहाच्या सुट्टीत तिनं मोल्डरांना, म्हणजे साचे भरणाऱ्यांना, बोलावलं. तुकडा कुणाचा, असं तिनं विचारलंच नाही. यांतल्या कुठल्यानं तुम्हाला छळलं, असं विचारलं. मग काय, सगळ्यांनाच तोंड फुटलं. एकजण एका तुकड्यापाशी वाळू कशी ढासळायची ते सांगू लागला. एका जुन्या मोल्डरनं दुसरा उचलला.

“आक्का, ह्येच्यापायी तुमी मला समद्यांम्होरं झाडलं हुतं. ह्यो न लावताच साचं भरलो, आन् निपाणीसनं माल परत आलता.”

त्याचं तेव्हाचं पडलेलं तोंड मला दिसलं. माल परत घेऊन आलेला टेम्पो दिसला. मग जांभळी चिंधी दिसली.

“हाच,” मी म्हटलं.

ज्ञान व्यवस्थापन म्हणतात ते मला तिथं कळलं. तुकडा कुठं ठेवलाय ते कॉम्प्युटर सांगेल. तो का लावायचा आणि विसरलं तर काय होतं, हे माणसांत अर्धंअर्धं वाटलेलं असतं. त्याच्याकडं बोलणी खाल्ल्याची आठवण, माझ्याकडं दिल्याची. दोघं एका जागी आलो नसतो तर फौंड्रीला काहीच ठाऊक नव्हतं. माणूस कधीतरी जातोच. त्याच्याबरोबर हेही गेलं, तर नवा माणूस तोच माल पुन्हा भंगारात घालतो आणि तेच नव्यानं शिकतो.

मुलीनं तुकडा लावलेल्या पॅटर्नचा फोटो काढला आणि मोल्डरची हकिकत त्याच्याच आवाजात मोबाईलवर घेतली. धाकटे मालक म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये याला जागा नाही. ती म्हणाली, “मग करूया की जागा.” मालकांशी असं बोलायची माझी कधी छाती झाली नव्हती. पुढं बरेच दिवस ती मोबाईल धरून माझ्यासमोर बसायची आणि प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारायची. इतकी उलटतपासणी माझ्या सासूनंही केली नव्हती.

माल वेळेत निपाणीला पोचला. मुलगी कायम झाली. कायम झाल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर रजा टाकून भातकापणीला जांबोटीकडं गावी गेली. तिथं फोनला रेंज लागली तर लागली. माझ्यानं राहवेना. काही अडलंय का, म्हणून मीच स्टोअरला फोन लावला. त्या जुन्या मोल्डरनं उचलला.

“न्हाय आक्का, समदं सापडतंय,” तो म्हणाला. “तुमचं काय काम हुतं?”