फुकट वाटलेले पक्षी

गावाबाहेरच्या रस्त्याला लागून वहिनींची पोल्ट्री होती. सगळा गाव त्यांना वहिनीच म्हणायचा, वयाने मोठी माणसंसुद्धा. शेड नवऱ्याने बांधली, पण पक्षी वहिनींचे. शेडमध्ये शिरताना त्या आधी दारावर टकटक करायच्या. एकदम आत गेलं की पक्षी बिचकून कोपऱ्यात चेंगरतात. नवरा चेष्टा करायचा, "माझ्या खोलीत येताना कधी विचारलं नाहीस!"

साथ आली आणि रस्ते बंद झाले. पक्षी विक्रीला तयार, पण व्यापाऱ्याचा टेम्पो येईना. खाद्याच्या दुकानदाराने हात वर केले. त्यात कोंबडीतून रोग पसरतो अशी अफवा उठली. भुकेले पक्षी एकमेकांना टोचू लागले. शेजारच्या पोल्ट्रीवाल्या दादांनी जेसीबी बोलावला, खड्डा खणला आणि आपले पक्षी गाडले. जिवंत. तो कलकलाट वहिनींच्या शेडपर्यंत येत होता.

"मला नाही जमायचं हे," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभं राहून त्यांनी पक्षी वाटायला सुरुवात केली. तोंडाला रुमाल बांधून माणसं आली, लांब लांब उभी राहिली. फुकट म्हटल्यावर अफवेला घाबरणारेही घाबरेनासे झाले. बघता बघता शेड रिकामी झाली.

काही महिन्यांनी सरकारने पोल्ट्रीवाल्यांना मदत जाहीर केली. पक्षी मेल्याचा फोटो आणि जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला हवा. दादांना पैसे मिळाले. त्यांनी शेडचे पत्रे बदलले, नवी पिल्लं आणली.

वहिनी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर एका वासराचा पाय बांधत होते.

"डॉक्टर, माझे पक्षी मेले असं लिहा ना. दादा त्यांच्या खड्ड्याचा फोटो देतायत."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "कसं लिहू, वहिनी? मी स्वतः दोन नेले होते तुमच्याकडून."

"मग वाटले असं लिहा. माझे तर गेलेच ना?"

"लिहितो. पण पास व्हायचं नाही."

त्यांनी लिहिलं, आणि पास झालं नाही. कार्यालयातल्या साहेबांनी नरमाईनेच समजावलं, की आपण होऊन दिलेलं नुकसानीत धरत नाहीत. बाहेर पडताना वहिनींना डॉक्टरांचा राग आला आणि त्यांच्याकडे खोटं मागितल्याची लाजही वाटली.

घरी नवरा भडकला. "तेव्हाच गाडले असते तर आज शेड भरलेली असती!"

"मग तुम्ही का नाही गाडलेत?"

त्यालाही ते जमलं नसतं.

गावातही चमत्कारिक झालं. पक्षी नेलेली माणसं वहिनींना टाळू लागली. आता पैसे मागतील की काय, ही धास्ती. वाण्याची बायको तर लांबूनच पाहून रस्ता बदलायची. वहिनींनी कुणाकडे मागितलं नाही. मागावंसं मात्र वाटलं. एकदा त्या तेवढ्यासाठीच वाण्याच्या दुकानात गेल्या आणि नको असलेला साबण घेऊन परत आल्या.

शेवटी त्यांनी शेड भाड्याने दिली. मग एके दिवशी दादा स्वतः घरी आले. "वहिनी, माझ्याकडे पक्षी बघणारं माणूस नाही. तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"येते सोमवारपासून," त्या म्हणाल्या.

दादा पगार वेळेवर देतात. थोडं साठलं की आपली शेड पुन्हा सुरू करू, असं नवरा अधूनमधून म्हणतो. वहिनी "बघू" म्हणतात. सध्या तिथे भाडेकरूची सिमेंटची पोती आहेत.