ताईचे दोन एकर

"मास्तरीणबाई, ताई उठून नाही राहिली जी..." ताईच्या शेजारचे मंगरूभाऊ फोनवर एवढंच बोलले. दरेकशाला, ताईच्या गावात, त्यांच्या घराजवळ रेंज मिळत नाही. म्हणजे हे सांगायला ते स्टेशनपर्यंत चालत आले होते. मी शाळेत निघाले होते, हातात डबा तसाच. मिळेल त्या गाडीने पोचले, तेव्हा ताईला घरामागच्या सांदवाडीतून उचलून ओसरीवर ठेवलं होतं. तिच्या हातांना भाजीच्या वाफ्यातली माती तशीच होती. "तुमी येईपर्यंत राहू द्या म्हणलं," मंगरूभाऊंच्या पत्नी सोनाबाई म्हणाल्या. महिनाभर तिच्या छातीत दुखत होतं. हे सोनाबाईंना ठाऊक होतं, मला नाही.

याला आता दीड महिना होईल. विमलताई माझी थोरली बहीण. गोंदियाच्या एका दवाखान्यात बावीस वर्षं नर्स होती, लग्न केलं नाही. पन्नाशीला नोकरी सोडून वडिलांच्या वाटणीची, डोंगराच्या पायथ्याची दोन एकर कसायला गेली. पोटापुरतं पिकवीन, तेवढंच खाईन, म्हणाली. भातशेतीच्या तीन बांध्या, त्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर तूर, धान निघालं की लाखोरीची डाळ, तेलापुरतं जवस, दोन शेळ्या, कोंबड्या. विकत आणायचं ते मीठ आणि काडेपेटी. ऐकायला छान वाटतं. मी सुट्टीत जायची तेव्हा पाहायची, पहाटे विहिरीवर सुरू झालेलं काम दिवेलागणीलाही संपलेलं नसायचं. टाचांच्या भेगांत ती मेण भरायची. एकदा न राहवून म्हटलं, "इतकं कायले करतेस वं?" भेगेवरची नजर न काढता म्हणाली, "थकून तं राहिली... पण माझ्या कामानं थकून राहिली."

चार वर्षांपूर्वी रानडुकरांनी कापणीला आलेलं धान लोळवलं. ताई पिशवी घेऊन माझ्या दारात आली. आयुष्यात पहिल्यांदा काही मागायला. घरात पाहुणे बसले होते, आणि त्यांच्यासमोर मी बोलून गेले, "झालं ना? स्वतःचं पिकवून खाणार होतीस!" तिने चहा संपवला, कप धुऊन ठेवला, रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि गेली. ते वर्ष सोनाबाईंच्या घरच्या कोदोवर, त्या भरड धान्यावर निघालं, हे मला फार उशिरा कळलं. ताई एकटी राहते, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. तिथे तिची माणसं होती. आम्ही त्यांच्यात नव्हतो.

माफी मागायला शब्द सुचले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला, लावणीला, न सांगता गेले. चिखलातूनच तिने पाहिलं. "काऊन आलीस?"

"रोवायला."

"पदर खोच मंग."

त्या दिवसाच्या टोमण्यावर आमचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

ती गेली तेव्हा धान पिकून उभं होतं. तेरावं आटोपून मी रजा टाकली आणि मंगरूभाऊ, सोनाबाईंबरोबर कापणीला उतरले. दुसऱ्या दिवशी कंबर सरळ होईना. धुऱ्यावर बसून रडले, ते ताईसाठी की कंबरेसाठी, सांगता येत नाही. लोक विचारतात, आता तुम्ही जाणार का तिथे राहायला? नाही. माझ्याने होणार नाही, खोटं कशाला बोलू? पुढे जमीन मंगरूभाऊ कसतील.

तरी रविवारी जाते. गेल्या खेपेला तिच्या चुलीवर नव्या तांदळाचा भात केला, एकटीच जेवले. भांडी घासली आणि बादलीतलं पाणी मोरीत ओतायला वाकले... हात थांबला. ताईने भांड्यांचं पाणी कधी मोरीत सांडू दिलं नाही. मग कंबर धरून बादली उचलली, सांदवाडीत नेली आणि वांग्यांच्या मुळाशी ओतली. एका बादलीने दोनच झाडं भिजली. परत आले, आणि दुसरी भरायला विहिरीवर गेले.