बिनकुंपणाची बाग

आयुष्यात मला सर्वांत जास्त धक्के दिले ते माझ्या मावसबहिणीने. त्याखालोखाल नंबर आमच्या जुन्या गिझरचा, पण तो निदान आधी गुरगुरायचा तरी. ताई मोकळ्या जागा आखते, म्हणजे बागा, चौक, मैदानं वगैरे. आणि जागा मोकळी नसेल तर तिला ती करावीशी वाटते. आमच्या कांदिवलीच्या घरी पहिल्यांदा आली, तेव्हा चहा होईपर्यंत तिने सोफा गॅलरीत नेऊन ठेवला होता. "हॉलला जरा श्वास घेऊ दे रे!" हॉल श्वास घेत राहिला आणि आम्ही दोन दिवस चटईवर बसलो. माझे वडील गेले तेव्हा तर भेटायला आलेल्या माणसांदेखत तिने भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवला आणि दीड फूट खाली लावला. "काकांशी तू काय मान वर करून बोलायचास?" तो फोटो अजून तिथेच आहे.

अंधेरीत, भर बाजारातल्या एका मोकळ्या प्लॉटवर शिल्पांची बाग करायचं काम तिला मिळालं. तिची अट एकच होती: कुंपण नको. भाजीची पिशवी घेऊन निघालेला माणूस नकळत शिल्पांमधून जावा, दगडाला टेकून त्याने चपलेचा अंगठा नीट करावा, यापलीकडे तिला कलेकडून काही नको होतं. बागेच्या समितीचे अध्यक्ष हबकले. "अहो मॅडम, कोणी उचलून नेलं तर?"

"दोन टनांचा दगड आहे, साहेब. ज्याला उचलता येईल त्याला देऊन टाका."

ताईचा कागदावर विश्वास नाही. शिल्पं कुठे ठेवायची ते ठरवायला एका रविवारी सकाळी तिने आम्हा नऊ नातेवाइकांना त्या प्लॉटवर उभं केलं. शिल्पं म्हणून! मी, विमा कंपनीतला जबाबदार अधिकारी, एक हात वर करून तासभर उभा. एका गृहस्थांनी मला बसचा नंबर विचारला. मी सांगणार, एवढ्यात ताई लांबून ओरडली, "बोलू नकोस, तू ग्रॅनाइट आहेस!" प्लॉटच्या रस्त्याकडच्या कडेला चार कोळणी वर्षानुवर्षं पाट्या घेऊन बसतात. त्यांतली एक मागून म्हणाली, "दादा, जरा सरक ना. गिऱ्हाईकाला मी दिसत नाय." ताई खडू घेऊन धावत आली, मला तीन पावलं सरकवलं आणि जमिनीवर फुली मारून ठेवली.

दीड वर्ष ती कुंपणाविरुद्ध भांडली. शेवटच्या बैठकीला मीही होतो, तिचे नकाशे धरायला. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, राहू दे बाग उघडी. पण मग या मच्छीवाल्यांना उठावं लागेल. बागेच्या तोंडाशी वास चालणार नाही." आता ताईचा स्फोट होणार म्हणून मी खुर्ची मागे घेतली. तिने नकाशावर रस्त्याच्या कडेने एक रेघ ओढली आणि म्हणाली, "लावा कुंपण. पण दहा फूट आत. बाहेरची पट्टी त्यांची. तिथे ओटे बांधा, वर छप्पर घाला." अध्यक्षांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. माझा तर कानांवर विश्वास बसेना. जिने कुंपणापायी अख्ख्या समितीशी उभा दावा मांडला, तीच कुंपण मागत होती! त्या दहा फुटांत तीन शिल्पं गेली, माझं ग्रॅनाइटही गेलं.

बाग झकास झाली. लोक फोटो काढायला येतात. ताई उद्घाटनाला आली नाही आणि अजून एकदाही फाटकातून आत गेलेली नाही. मात्र दर रविवारी अंधेरीला जाते, ओट्यांपाशी उभी राहून गजांमधून आत बघते आणि बोंबील घेऊन आमच्याकडे येते. ती स्वतः मासे खात नाही.

परवा माझ्या बायकोला राहवलं नाही. "ताई, एकदा आत जाऊन तर या ना."

"आत काय आहे ते मला पाठ आहे गं," ताई म्हणाली. "बाहेरून कसं दिसतं ते बघते."

एरवी मी तिची टर उडवली असती. पण मला फार वाईट वाटलं, आणि मी मुकाट्याने बोंबील साफ करायला घेतले.