मामांची खोकी

स्वतःच्या हयातीत स्वतःचं वस्तुसंग्रहालय उभारून त्याचा पहारेकरीही स्वतःच झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या हिचे मामा. बोरी बुद्रुकला त्यांचं घर होतं, थोडी बागायत होती, आणि तमाशातले वग लिहिणं हा त्यांचा धंदा होता. गण-गौळण, बतावणी उरकली की जे नाटक उभं राहतं तो वग. नारायणगावात हंगामाला फडांच्या राहुट्या लागत आणि गावोगावची मंडळी यात्रेसाठी सुपारी द्यायला येत, तेव्हा एकेकाळी मामांना वेळच नसायचा. मी त्यांना ओळखायला लागलो तोवर फडांत वगापेक्षा सिनेमातल्या गाण्यांना मागणी आली होती आणि मामांना भरपूर वेळ होता. तो सगळा त्यांनी कागद सांभाळण्यात घातला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली खोडदला झाली. तिथल्या दुर्बिणींच्या केंद्रात मी भांडारात होतो. नव्या जावयाची चौकशी म्हणून मामा भेटायला आले. पगार विचारला नाही, खोली कशी आहे विचारलं नाही. त्या आभाळाकडे तोंड केलेल्या प्रचंड तबकड्यांकडेही ढुंकून पाहिलं नाही. भांडारामागे टाकलेल्या रिकाम्या खोक्यांपाशी मात्र ते थबकले. आतला फोम बोटानं दाबून म्हणाले, "जावईबापू, असलं खोकं म्हंजी कागदाला पालखीच की. टाकता कशाला?" तेव्हापासून साहेबांना विचारून रिकामी खोकी बोरीला पोचवणं हे माझं जावई म्हणून मुख्य कर्तव्य झालं.

त्या खोक्यांत काय नव्हतं! वगांचे खर्डे होते, लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेल्या लावण्या होत्या, एसटीची तिकिटं होती, फडमालकांची पत्रं होती आणि त्यांना लिहून न पाठवलेली उत्तरंही होती. कागद लावण्याची पद्धत मामांची स्वतःची होती. ज्या मालकाशी गोडी, त्याचे कागद वर. ज्याच्याशी वाकडं, त्याचे तळाला. भांडण मिटलं की सगळं खोकं उपसून कागद वर आणायचे, आणि पुन्हा बिनसलं की पुन्हा तळाला. मामांचं भांडण वरचेवर होई, त्यामुळे घरात कायम उपसाउपशी चाले. मामी दारात उभ्या राहून बघत आणि मला सांगत, "लोकांच्या घरात कांद्याला जागा नसती. आमच्यात माणसाला नाय."

एक दिवस पुण्याहून कोणीतरी अभ्यासक येईल आणि हे सगळं मागेल, अशी मामांची पक्की खात्री होती. त्यामुळे स्टँडवर उतरलेला प्रत्येक अनोळखी माणूस त्यांना अभ्यासक वाटे. एकदा जनावरांचे नवे डॉक्टर लस टोचायला गावात आले. हातात बॅग, खिशाला पेन, एवढं पुरावा म्हणून मामांना पुरेसं होतं. त्यांनी डॉक्टरांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि जन्मापासून सुरुवात केली. डॉक्टर सभ्य होते. पहिला वग कसा सुचला इथपर्यंत त्यांनी मान डोलावली आणि मग हळूच विचारलं, "म्हैस कुठाय?"

"म्हैस त्या वगात न्हाई," मामा म्हणाले. "ती फुडल्या वगात."

आणि खरोखरच, दोन हजार साल उलटून गेल्यावर, पुण्याच्या एका संग्रहालयातल्या बाई आल्या. लोककलावंतांचे कागद जमवणं हेच त्यांचं काम होतं. त्यांनी दिवसभर खोकी पाहिली आणि संध्याकाळी म्हणाल्या, "काका, हे सगळं द्या. तिकिटंसुद्धा." मामांनी डोळे पुसले आणि विचार करायला आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत त्यांनी नवं बॉलपेन आणून तरुणपणीचे सगळे वग दुरुस्त करायला घेतले. बाई न्यायला आल्या तेव्हा जुन्या शाईवर निळ्या रेघांची पेरणी चालली होती. त्या जवळजवळ ओरडल्याच, "काका, मूळ जसं आहे तसंच हवंय आम्हाला!"

"अवो बाई, त्या वक्ताला आमाला अक्कल नव्हती. ते बी तसंच ठिवायचं?"

"हो. ते तर हवंच."

मामांना हे फारसं पटलं नाही, पण जीप भरली. मोकळ्या झालेल्या खोलीत मामींनी दुसऱ्याच दिवशी कांदा ओतला.

नंतरचा महिना मामांनी कसाबसा काढला. मग ते पहाटेची एसटी धरून पुण्याला जाऊ लागले, आपलेच कागद बघायला. तिथे अर्ज भरावा लागे. 'अभ्यासाचा विषय' या रकान्यात मामा 'मी' असं लिहीत. टेबलावरच्या नव्या माणसानं एकदा विचारलं, "आपण कोण?" मामांनी कपाटाकडे बोट करून सांगितलं, "मी त्यातलाच." आत पेन न्यायची बंदी होती, पेन्सिल चाले. मामांनी पेन्सिलीनं दुरुस्त्या सुरू केल्या. मग बाईंनी त्यांच्यापुरती पेन्सिलही बंद केली. मामा गावभर सांगत सुटले, "जगात येकच असा लेखक हाय ज्याला सोताचं लिवलेलं खोडायची परवानगी न्हाई."

पुढे त्यांची नजर गेली. ऑपरेशन करूनही फारसा उपयोग झाला नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी मला निरोप धाडला: एकदा पुण्याला चला, मला माझा वग वाचून दाखवा. कुठला ते त्यांनी नेमकं सांगितलं. शिंप्याच्या सोंगामुळे सगळ्यात जास्त चाललेला, मामांचं नाव तालुक्याबाहेर नेणारा वग. मी रजा काढली.

वाचनालयात शांतता पाळायची असते. मी कुजबुजत वाचत होतो आणि मामा विनोद यायच्या आधीच खदखदत होते. शिंप्याचं सोंग सुरू झालं तसे मात्र ते गप्प झाले. मी मोठ्यानं वाचलं, तरी हसेनात. शेवटी त्यांनी चाचपत माझा हात धरला.

"थांबा. ह्यो शिंपी माझा न्हाई."

"म्हणजे?"

"किसना सोंगाड्याचा हाय. मी नुसतं राजा-राणीचं लिवलं व्हतं. तळेघरच्या वाटंनं आमी चालत येत व्हतो, पाय सुजलेलं, तवा किसनानं वाटभर ह्ये बोलून दावलं. मी घरी येऊन लिवलं. वर नाव माझं टाकलं. किसना गेला, तरी कुणापाशी बोललो न्हाई."

मी बाईंना बोलावलं. मामा हात जोडून म्हणाले, "बाई, येक बारकी दुरुस्ती करू द्या. ही येवढीच."

नियमाप्रमाणे ते शक्य नव्हतं. मूळ कागदाला हात लावता येत नव्हता. मग बाईंनी वेगळा कोरा कागद घेतला, मामांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा काका, तुम्ही म्हणाल तसं लिहिते." मामांनी किसनाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तळेघरची वाट सांगितली. कागद वगाच्या वर ठेवला गेला. तो तिथेच ठेवलाय ना, हे त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं.

परतताना मंचरच्या पुढे एसटीत बरीच जागा झाली. मामांनी अचानक शिंप्याचं सोंग म्हणायला घेतलं, आणि आवाज त्यांचा नव्हताच. पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली, कंडक्टर खांबाला टेकून हसायला लागला. "बाबा, लई भारी! तुमचं हाय का?"

"न्हाई," मामा म्हणाले. "किसनाचं."

किसना कोण, हे त्या गाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. मामांची त्याला हरकत दिसली नाही. नारायणगाव येईपर्यंत ते म्हणत राहिले.