नाक्यावर सांगितलेला ताप

लॉकडाऊनमधल्या एका दुपारी क्वारंटाईन सेंटरमधून फोन आला. "ताई, मी मंगल, पिशोरची. आम्हाला इथं कोंडून ठेवलंय... मला कायबी झालेलं नाय." (नावं बदलली आहेत. मंगल आणि तिची सासू, दोघींना विचारूनच लिहिते आहे.)

मी गावोगावी बायकांच्या बैठका घेते; मंगल पिशोरच्या बैठकांना यायची. पदरात तीन मुलं. नवरा मेंढरं घेऊन खानदेशात गेलेला आणि जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्यावर तिकडेच अडकलेला. तो गेल्यावर कळलं की तिला दिवस गेलेत. चौथं मूल नको होतं. एवढी साधी गोष्ट.

पण जवळचा दवाखाना बंद. औषधाच्या दुकानात गोळ्या विचारल्या तर उत्तर मिळालं, धाडी पडतात, आम्ही ठेवतच नाही. गर्भपात ही अत्यावश्यक सेवा होती बरं का... कागदावर! गोळ्यांवर भागलं असतं ते दिवस असेच हातचे गेले. आता जितका उशीर तितकं अवघड.

शेवटी तिची सासू उठली. कौसाबाई. सुनेला दुधाच्या टेम्पोत बसवून शहराकडे निघाली. शहराच्या तोंडाशी, हर्सूलच्या नाक्यावर पोलिसाने विचारलं, कुठे चाललात?

भर रस्त्यात, चार पुरुषांसमोर काय सांगणार? कौसाबाई म्हणाली, "पोरीला ताप हाय सायेब. लई ताप." तिला वाटलं, तापाचं नाव काढलं की दवाखान्याची वाट मोकळी होईल.

झाली की! ॲम्ब्युलन्स आली आणि दोघींना थेट सेंटरमध्ये घेऊन गेली. स्वॅब घेतले, बाहेरून कडी लावली. रिपोर्ट येईपर्यंत हलायचं नाही...

ही आपली व्यवस्था. खोट्या तापाला ॲम्ब्युलन्स आणि खऱ्या गरजेला कुलूप.

मी फोन करत सुटले. कुणी म्हणे रिपोर्ट येऊ द्या, कुणी म्हणे हे आमच्याकडे येत नाही. सरकारी रुग्णालय तर कोविडने भरलेलं. अखेर रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि ओळखीतून एक खासगी डॉक्टर 'या' म्हणाले. मीही तिथे पोहोचले.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "करता येईल. नवऱ्याची सही लागेल."

माझं डोकंच फिरलं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, कायद्यात नवरा कुठेही नाही... इथून सुरू झाले ते बाईच्या शरीरावर बाईचा हक्क इथपर्यंत. सभेत ज्यावर टाळ्या पडतात, ते सगळं त्या केबिनमध्ये बोलून झालं.

डॉक्टर मास्कमागून शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण आमच्याकडे ही पद्धत आहे. उद्या नवरा भांडायला आला तर?"

मंगल रडायला लागली. कौसाबाई मात्र पदर खोचून पुढे झाली.

"बोलावते की पोराला. पण डॉक्टरसायेब, तो एकला येत नसतो. सारी मेंढरं, घोडी अन कुत्री बी संगं येतेत. कुठं बसवू? हितं बाकड्यावर का वर माडीवर?"

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "आणि आजी, तो भांडला तर?"

"माझ्यासंगं? त्याच्या बापाची हिंमत झाली नाय कधी!"

आता नर्सही हसायला लागली. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागद मंगलसमोर सरकवला. तिने सही केली, स्वतःची. संध्याकाळपर्यंत ती मोकळी झाली.

बाहेर आल्यावर कौसाबाई मला म्हणाली, "बाई, तुमी लई चांगलं बोलता. पण लई वेळ बोलता."

नाके उठले, सेंटरं बंद झाली. नवऱ्याच्या सहीची 'पद्धत' मात्र शाबूत आहे. गेल्याच आठवड्यात वैजापूरकडची एक मुलगी तेवढ्यासाठी परत पाठवली गेली.

कौसाबाईचे उपकार मी जन्मभर मानेन. पण जे कायद्याने मंगलचंच होतं, ते तिला मिळालं डॉक्टरांना हसू आलं म्हणून... याचा संताप आजही आवरत नाही.