माझा हात थरथरला नव्हता

गेल्या श्रावणात तापीच्या पाण्यावर जे घडले, त्याच्या तीन हकिकती सध्या प्रचलित आहेत. पहिली सुरतेच्या पाहुण्याने फोनवर, आमच्या कॉटेजच्या नावाखाली, पाच चांदण्या देऊन लिहिली आहे. तिच्यात मी 'गोड आजोबा' आहे. वयोमानाने माझा हात थरथरला आणि त्याचा मोठा मासा निसटला, असे तो म्हणतो. त्याबद्दल त्याने मला उदार मनाने क्षमाही केली आहे. दुसरी हकिकत माझ्या मुलाची. ती पहिलीसारखीच, फक्त तिच्यात तो हात जोडतो. तिसरी चहाच्या टपरीवरची. तिच्यात मी माशासह पाण्यात पडलो. तिन्ही खोट्या आहेत. त्यांतली तिसरी मला सर्वांत कमी झोंबते, कारण तिच्यात कोणी माझी कीव करीत नाही.

माझे वडील या नदीवर जाळे टाकून जगले. मी शिकलो, शाळामास्तर झालो, निवृत्त झालो. पण हातातली वल्ही कधी सुटली नाहीत. हे सांगणे प्रौढीचे वाटेल, वाटू द्यावे. प्रकाशा आणि सारंगखेडा यांच्या दरम्यान, बंधाऱ्यामुळे पाणी थांबून राहते अशा ठिकाणी आमचे शेत आहे. मुलाने शेताच्या काठाला दोन कॉटेज उभारल्या, पाण्यापर्यंत पायऱ्या बांधल्या आणि पाटीवर 'फिशिंग' हा शब्द रंगवून घेतला. 'फिशिंग' म्हणजे मी, हे मला पाटी लागल्यानंतर समजले.

पाहुणे दोघे होते: एक गृहस्थ आणि त्याचा मेहुणा. गृहस्थाची बायकोही आली होती, पण ती कॉटेजच्या ओट्यावरच बसून असे. मूळचे खानदेशातले, दोन पिढ्यांपासून सुरतेला. नवापूर ओलांडल्यावर मराठीचे जे होते ते त्यांच्या जिभेचे झाले होते. बरोबर एक पेटी होती, सुताराच्या पेटीसारखी, आणि तिच्या प्रत्येक कप्प्यात एक रबरी जनावर. त्यांतला हिरवा बेडूक गृहस्थाच्या विशेष लाडका. मऊ, पोकळ, पाठीशी दडवलेले दोन काटे. माशाने तो दाबला की काटे बाहेर येत.

पहिल्या सकाळी मी रीतीप्रमाणे विचारले, मासा मिळाला तर रस्सा करायचा की तळायचा, म्हणजे सूनबाईंना सांगून ठेवतो. गृहस्थ दचकला.

"काका, श्रावण चालू छे! आपण तर शिवत पण नाही."

"मग धरता कशाला?"

"गेम आहे, काका. पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. पाप नाही, पुण्य नाही."

"पुण्य थोडं आहे, जीजाजी," मेहुणा म्हणाला. "सोडतो ना आपण."

मला शिसारी आली ती येथपासून. खाण्यासाठी मासा धरणारा माणूस मला समजतो. तो त्या माशाशी एक व्यवहार करतो, क्रूर असला तरी सरळ. परंतु ज्याच्या तोंडात काटा रुतवायचा तो जीव आपल्या पानात आला तर विटाळ, आणि हातात आला तर करमणूक, हे पावित्र्य माझ्या आकलनापलीकडचे आहे.

पाऊस ओढ देऊन बसला होता, बंधाऱ्याची दारे बंद होती, पाणी निवळलेले. दोन तास होडीत बसून त्यांना काही लागले नाही. तेव्हा गृहस्थ हसून म्हणाला, "काका, तापीत आता मासे नाही, खाली वार्ता छे." वार्ता म्हणजे त्याच्या भाषेत गोष्टी. मेहुणा खो-खो हसला.

येथून पुढे जो दोष आहे तो माझा आहे, आणि तो दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगतो. मला ते हसणे सहन झाले नाही. मी होडी वळवली आणि एका आडबाजूच्या खाडीत नेली, जेथे पाणगवत दाट आहे आणि काठावर वाकलेली बाभूळ आहे. ती जागा कोणती, हे मी येथेही लिहिणार नाही.

तेथे पाण्यावर एक तांबडा डाग होता. पसाभर कुंकू सांडावे तसा, पण हलणारा. मधूनमधून तेथले पाणी उकळल्यासारखे खदखदत होते, कारण ती मरळीची पिल्ले होती, शेकड्यांनी, हवा घेण्यासाठी एकदम वर येणारी. त्यांच्या खाली पालक मासा असतो. नर की मादी, हे मला वरून सांगता येत नाही. जे सांगतात ते थापा मारतात. वडिलांनी पिल्लांवरच्या मरळीला कधी जाळे लावले नाही. ते काही दयाळू गृहस्थ नव्हते. पुढल्या वर्षी काय धरायचे, एवढाच त्यांचा विचार असे.

मी म्हणालो, "येथे टाकू नका. मरळ पिल्लांवर आहे."

"अरे काका, हेच तर पाहिजे होतं!" गृहस्थाचे डोळे चमकले. त्याने फोनवर पाहून ठेवले होते की अशा वेळी मरळ उपाशी असो वा नसो, पिल्लांजवळ आलेल्या कशावरही तुटून पडते. त्याचा रबरी बेडूक त्या तांबड्या डागाच्या मधोमध पडला. डाग फुटला. मग पाणी फुटले.

त्यानंतरची घटिका मी होडीत खाली मान घालून काढली. मरळीचा जबडा चिमट्याने उघडून धरला होता. तिच्या अंगावरची बुळबुळ हेच तिचे कवच. ती फोटोत चकाकते म्हणून मेहुण्याने रुमालाने पुसून काढली. "डावीकडून घे. अजून एक. दात दिसले पाहिजेत." मरळ हवेवरही तग धरते, म्हणून तिची सुटका लवकर नसते. मग गृहस्थाला बायकोलाही मासा दाखवायची हौस आली. मरळ बादलीत घातली, बादली आमच्या पायऱ्यांवर आणली, तेथे पुन्हा फोटो झाले, आणि अखेरीस 'हर हर महादेव' म्हणून, हात जोडून, तिला पाण्यात सोडण्यात आले. त्या पायऱ्या आणि ती खाडी यांत अर्ध्या कोसाचे पाणी आहे. आंधळ्याला भलत्याच गावच्या बसथांब्यावर उतरवून द्यावे आणि वर नमस्कार करावा, तसा तो प्रकार. मी तोंड उघडू नये म्हणून पायऱ्यांवर उभ्या मुलाने डोळ्यांनीच विनवले होते.

दुसऱ्या सकाळी गृहस्थ म्हणाला, "काका, जोडी असेल ना तिथे?"

जोडी होती. मी नकार दिला असता तर मुलाने त्यांना यंत्राच्या होडीतून जागा शोधत नेले असते आणि पंख्याखाली उरलीसुरली पिल्ले चिरडली असती. म्हणून मी गेलो. मुलगाही बरोबर आला, बहुधा माझ्यावर नजर ठेवण्यासाठी. निघताना मी टेबलावरचे ब्लेड कागदात गुंडाळून खिशात टाकले. पेन्सिलीला मी आजही ब्लेडनेच टोक करतो.

दुसऱ्या मरळीनेही तोच बेडूक धरला. गृहस्थ उभा राहून ओढू लागला, मेहुणा फोन रोखून "जीजाजी, छोडना मत!" असा ओरडू लागला, आणि मासा होडीशी आला तेव्हा हातजाळी माझ्याकडे देण्यात आली. डाव्या हातात जाळी, उजव्यात ब्लेड. मी वाकलो, दोरा बोटावर घेतला आणि कापला. एका फटक्यात. गृहस्थ मागच्या मागे फळीवर बसला.

"तुटला!"

"तुटला नाही," मी म्हणालो. "मी कापला."

मग मेहुणा हसला. हा दोरा असा सहजासहजी कापला जात नाही म्हणे, फार मजबूत असतो. मी ब्लेड दाखवणार, तोच मुलगा मध्ये पडला.

"आबा, ऱ्हाऊ दे आते. हात थरथरना तुन्हा. वय व्हयनं." आणि पाहुण्यांपुढे हात जोडून शुद्ध मराठीत म्हणाला, "माफ करा. वडिलांना आता जमत नाही."

गृहस्थाने माझ्या पाठीवर थोपटले. "चालसे, काका. माझ्या पप्पांना पण असंच होतं."

चाळीस मुलांचा वर्ग मी नुसत्या नजरेने गप्प केला आहे. त्या पाठीवरच्या थोपटण्याने जी किळस आली, ती अजून कपड्यांना चिकटून आहे. ब्लेड मात्र मी खिशातच ठेवले. कापल्याचे सिद्ध केले असते तर का कापला, हे सांगावे लागले असते. का म्हटले की पिल्ले आली, आणि पिल्ले म्हटली की ती जागा फोनवर गेली असती. फोटो पाहून पुढच्याच आठवड्यात दोन अनोळखी माणसांनी मुलाला विचारलेच, मरळ नेमकी कोठे लागली म्हणून. त्याला वाट धड आठवत नव्हती. म्हातारपणाची हकिकत जोवर सर्वांना पटत होती, तोवर माझ्याकडे कोणी वळत नव्हते.

माझी करणीही काही स्वच्छ नव्हती. दोरा कापला म्हणजे काटा सुटत नाही. दुपारी मी एकटा गेलो, तर मरळ पाणगवतात जखडलेली. दोरा देठांना गुंडाळला होता आणि तो हिरवा बेडूक तिच्या जबड्याबाहेर डुलत होता. पक्कडीने काटे काढताना तिने माझे बोट फाडले. ते योग्यच झाले. तांबडा डाग कालच्यापेक्षा निम्माही उरला नव्हता. बाभळीवर दोन बगळे बसले होते, तृप्त.

त्यानंतर दर आठवड्याला मी जाऊन आलो. डाग आधी करडा झाला, मग काळपट, मग विखुरला. नवरात्राच्या सुमारास एकही पिल्लू घोळक्यात दिसेना. बेडूक तोवर माझ्या टेबलाच्या खणात होता. तो काढून मी मुलापुढे ठेवला. त्याला दोऱ्याचा वीतभर तुकडा अजून बांधलेला होता. ओढून तुटलेला दोरा टोकाला पिंजतो, हे नदीकाठच्या माणसाला शिकवावे लागत नाही.

मुलाने तुकडा उजेडाकडे धरला. न पिंजलेल्या, सपाट टोकावरून अंगठा फिरवला.

"कापेल शे," तो म्हणाला.

"मी तुले तव्हयच सांगेल व्हतं."

त्याने खाली पाहिले, मग पुन्हा बेडकाकडे. मला वाटले, आता क्षमा मागेल. पण त्याच्या चेहऱ्यावर दुसराच विचार उजळताना मला स्पष्ट दिसला. पाटीवरचा 'फिशिंग' हा शब्द त्यानेच रंगवून घेतला होता, आणि मरळीची जागा विचारणारी माणसे त्याच्याकडेच येत होती.

"आबा, पन हाऊ बेडूक कोठे सापडना?"

"पाणीमा," मी म्हणालो.